चतकोर भाकरीचा हिशेब

बीड जिल्ह्यात माणसाची भूक भाकरीवर मोजतात. आष्टी-पाटोद्याकडं ती बाजरीची असेल, केज-अंबाजोगाईकडं ज्वारीची. पण दिवसभर खुरपणाऱ्या किंवा ऊस तोडणाऱ्या गड्यानं तीन वेळचं मिळून सहा भाकरी खाल्ल्या, तर कुणाला नवल वाटत नाही. एक भाकर साधारण १०० ग्रॅम पिठाची धरू. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात १० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, बाजरीत किंचित जास्त. म्हणजे सहा भाकरींतून ६० ग्रॅम झाली. वर बेसन, तुरीचं वरण किंवा हुलग्याचं कालवण धरलं, की आकडा पंचाहत्तरच्या घरात जातो. साठ किलोच्या माणसाला एवढी प्रथिनं पुरून उरतात. त्यानं आयुष्यात कधी प्रथिनांचा विचार केलेला नसतो आणि तो करायची गरजही नसते, कारण ती भाकरीबरोबर आपोआप पोटात जातात.

आता याच घरातली सत्तरीची म्हातारी घ्या. वजन ४८ किलो. सकाळी चहा, त्यात बुडवून दोन टोस्ट किंवा खारी. दुपारी अर्धी भाकर, पातळ आमटीत कुस्करलेली. दात नाहीत म्हणून भाजीतला मऊ भाग तेवढा खायचा. चारच्या सुमाराला पुन्हा चहा. रात्री आणखी अर्धी भाकर, नाहीतर 'भूक नाही' म्हणून चतकोरच. दोन्ही चहांतलं दूध मिळून ३ ग्रॅम, टोस्टचे २, एका भाकरीचे १०, पातळ आमटीतल्या मूठभर डाळीचे ५, भाजीचा एखादा-दीड. सगळी बेरीज वीस-बावीस ग्रॅम होते. घरातलं कुणी तिला उपाशी ठेवत नाही. तीही तक्रार करत नाही. पण तिला लागतात त्याच्या निम्मीसुद्धा प्रथिनं तिच्या पोटात जात नाहीत, आणि हे वर्षानुवर्षं चालतं. मग एक दिवस ती मोरीतून उठताना भिंत धरते, पुढं कधीतरी ओट्यावरून पडते. घरचे म्हणतात, वय झालं.

वयानं जेवढं जातं त्याला इलाज नाही. ताटामुळं जातं ते मात्र परत आणता येतं, आणि हे पुस्तक त्याबद्दल आहे. पुढच्या प्रकरणांत पदार्थ आहेत, मापं आहेत, आजारपणातलं खाणं आहे. त्याआधी हा प्रश्न नेमका कुठून येतो ते सांगणं प्रस्तावनेचं काम.

प्रथिनांच्या जागतिक वादात एका मराठी माणसाचं मोठं नाव आहे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे १९११ साली सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ. १९५१पासून ते रोमला, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत सांख्यिकी विभागाचे संचालक होते. त्या काळात गरीब देशांत 'प्रथिनांची दरी' आहे असं जगभर मानलं जात होतं आणि ती बुजवायला माशाची पावडर, शेंगदाण्याची पेंड, खास बनवलेली मिश्रणं अशा योजना निघत होत्या. १९६८मध्ये संयुक्त राष्ट्रांनी येऊ घातलेल्या प्रथिन-संकटावर अहवालही काढला. सुखात्मे यांनी भारतातल्या आहाराचे आकडे तपासले आणि उलटं सांगितलं: इथल्या गरिबाच्या ताटात कमी आहे ते अन्नच. धान्य-डाळीचं नेहमीचं जेवण पोटभर मिळालं, तर प्रथिनं त्यातूनच पुरतात. पोटच भरलं नाही, तर खाल्लेली प्रथिनंसुद्धा शरीर सरपणासारखी जाळून टाकतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत डॉ. सी. गोपालन यांचं कामही त्याच दिशेनं जात होतं. १९७४ला डोनाल्ड मॅक्लारेन यांनी 'लॅन्सेट'मध्ये प्रथिनांच्या त्या साऱ्या मोहिमेला फजिती म्हटलं, तोवर वाऱ्याची दिशा बदललेली होती.

सुखात्मे यांचं म्हणणं सहा भाकरी खाणाऱ्या गड्याला आजही तंतोतंत लागू आहे. म्हातारपणी मात्र त्याचा पायाच सरकतो. प्रथिनं भाकरीसोबत येतात हे खरं. पण मग भाकर कमी झाली की तीही कमी होणार. हालचाल थांबते, भूक मंदावते, दात जातात आणि सहाची एक भाकर होते. तिकडं शरीराची प्रथिनांची गरज एक कणही उतरत नाही, उलट थोडी चढते. पोटभर खा, बाकीचं आपोआप होईल, हा सल्ला सत्तरीच्या माणसाला देता येत नाही, कारण त्याचं पोट एका भाकरीतच भरतं. त्या एका भाकरीच्या सोबतीला काय असावं, हा खरा प्रश्न.

गरज किती, याचे आकडे पाहू. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२०च्या शिफारशीत प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम चांगल्या प्रतीची प्रथिनं सांगितली आहेत. ज्यांचं जेवण मुख्यतः धान्याचं आहे, त्यांनी ढोबळमानानं किलोमागे १ ग्रॅम धरावं, कारण धान्यातल्या प्रथिनांची प्रत उणी असते. ०.८३ हा आकडा ज्या प्रयोगांवरून आला, ते बहुतेक तरुण, धडधाकट माणसांवर झालेले. २०१३ साली 'प्रोट-एज' या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटानं पासष्टीपुढच्या निरोगी माणसाला किलोमागे १ ते १.२ ग्रॅम आणि आजारी असेल तर १.२ ते १.५ ग्रॅम सुचवले. आपल्या ४८ किलोच्या म्हातारीला म्हणजे रोज ४८ ते ५८ ग्रॅम.

यावर सगळ्यांचं एकमत नाही, आणि ते वाचकाला ठाऊक असलेलं बरं. २०१८मध्ये बोस्टनला पासष्टीपुढच्या, चालण्या-उठण्यात अडचण असलेल्या ९२ पुरुषांवर सहा महिन्यांचा प्रयोग झाला. काहींना किलोमागे ०.८ ग्रॅम प्रथिनं दिली, काहींना १.३. जास्त खाणाऱ्यांच्या अंगात स्नायू वाढले नाहीत की ताकद वाढली नाही. म्हणून १.२ चांगलं की ०.८ पुरेसं, हा तज्ज्ञांचा वाद अजून मिटलेला नाही. पण त्या वादाचा आपल्याशी संबंध थोडाच आहे. वर मांडलेली म्हातारी ०.४५वर आहे. तिनं आधी ०.८ गाठावं आणि मग १ला पोचावं. तिथून पुढं भांडायला तज्ज्ञ समर्थ आहेत.

गरज चढते ती का? स्नायू ही रोज मोडणारी आणि रोज बांधली जाणारी गोष्ट आहे. जेवणातून आलेली प्रथिनं बांधकामाला निघण्याची खूण देतात, आणि त्यात ल्युसीन या अमिनो आम्लाचा वाटा मोठा. वय वाढलं की ही खूण शरीराला कमी कळते. २०१५च्या एका अभ्यासात दिसलं, की तरुणाच्या स्नायूंना एका जेवणात किलोमागे ०.२४ ग्रॅम प्रथिनं पुरतात, सत्तरीच्या माणसाला ०.४० लागतात. आपल्या म्हातारीच्या हिशेबात हे एका वेळेला १९ ग्रॅम झालं. तिच्या दुपारच्या जेवणात आठ-नऊ आहेत. म्हणून दिवसाची बेरीज सुधारताना निदान दोन जेवणं तरी घसघशीत व्हायला हवीत. थोडं थोडं दिवसभर चघळत राहण्यानं हे साधत नाही.

इथं ज्वारीची एक गंमत सांगण्यासारखी आहे. तिच्या प्रथिनांत ल्युसीन भरपूर. इतकं, की दख्खनमधल्या ज्वारी खाणाऱ्यांच्या पेलाग्रा रोगाचा संबंध गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६०मध्ये त्या ल्युसीनशी जोडला होता. तिच्यात कमी आहे ते लायसीन हे दुसरं अमिनो आम्ल, आणि डाळी-कडधान्यांत नेमकं तेच जास्त. म्हणजे भाकर आणि बेसन ही जोडी केवळ चवीची नाही. म्हाताऱ्या माणसाच्या ताटात मात्र जोडीतला डाळीचा वाटा पातळ होत जातो. आमटीत पाणी वाढतं, कारण भाकर मऊ व्हायला पाणीच हवं असतं.

वयानं स्नायू झिजण्याला १९८९मध्ये आयर्विन रोझेनबर्ग यांनी सार्कोपेनिया असं नाव दिलं. त्याची गती एरवी मंद असते, पण आजारपणात ती भयंकर वाढते. २००७मध्ये अमेरिकेत निरोगी वृद्धांना केवळ दहा दिवस खाटेवर झोपवून ठेवलं. नेहमीची शिफारस केलेली प्रथिनं चालू असूनही त्यांच्या पायांतले सुमारे एक किलो स्नायू गेले. आपल्याकडं डेंग्यू, चिकुनगुन्या किंवा मोडलेल्या हाडापायी महिनाभर पडून राहिलेल्या माणसाला आपण काय देतो? पेज, साबुदाण्याची खीर, बिस्किटं, नारळपाणी. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ शून्य. माणूस तापातून उठतो, पण खाटेवरून उठत नाही, ते का, हे मग कुणाला कळत नाही. या पुस्तकातलं आजारपणाचं प्रकरण मी सगळ्यात महत्त्वाचं मानतो.

दुसरी बाजूही आत्ताच सांगून टाकतो. नुसतं खाऊन स्नायू होत नाहीत. १९९४मध्ये बोस्टनच्या एका वृद्धाश्रमातल्या शंभर रहिवाशांवर, ज्यांचं सरासरी वय ८७ होतं, प्रयोग झाला. दहा आठवडे पायांना वजनाचा व्यायाम दिला, तर ताकद दुपटीहून अधिक झाली. नुसता पोषक खुराक दिलेल्यांना काही फरक पडला नाही. बीडच्या म्हाताऱ्या माणसानं जन्मभर मोळ्या उचलल्या, तो व्यायामाच्या नावानं हसणार. त्याला व्यायाम म्हणू नये. खुर्चीवरून किंवा बाजेवरून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठायचं-बसायचं, दिवसातून दोनदा, एवढंच सांगावं. पण ज्यांना तोल सांभाळत नाही, त्यांच्याजवळ कुणीतरी उभं असावं.

आता बीडचं म्हणून जे वेगळं आहे ते. दसरा-दिवाळीनंतर इथली लाखो माणसं ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात साखर कारखान्यांवर जातात. कोयता जोडीनं चालतो, त्यामुळं नवरा-बायको दोघंही जातात. गावात राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली नातवंडं. ज्या वयात कुणी आयतं वाढून द्यायला हवं, त्या वयात आजीला सहा महिने चूल सांभाळायची असते. ती नातवाच्या ताटात वाढते आणि आपण उरलेलं खाते. रेशनवर गहू-तांदूळ फुकट मिळतात, माणशी पाच किलो. डाळ मिळत नाही. दात नसलेल्या माणसाला भात सोपा, म्हणून भाकरीची जागा भात घेतो आणि १०० ग्रॅममागे १०ची प्रथिनं ७-८ होतात. सरकारनं २०२२च्या दिवाळीत शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' दिला, त्यात एक किलो हरभरा डाळ होती. ती सणापुरती. ती दर महिन्याला आली असती, तर मला हे पुस्तक थोडं पातळ झालेलं चाललं असतं.

आणि म्हातारपण इथं साठीला सुरू होतं असंही नाही. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९मध्ये राज्यभर गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी झालेल्या ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. कित्येक जणी चाळिशीच्या आतल्या. सोबत बीजकोशही काढले गेले असतील, तर रजोनिवृत्ती एका दिवसात येते आणि हाडांची, स्नायूंची झीज दहा-पंधरा वर्षं आधी सुरू होते. पंचेचाळीस वर्षांच्या अशा बाईला सरकारी कागदावर कुणी वृद्ध म्हणणार नाही. या पुस्तकातला सल्ला तिच्यासाठीही आहे, किंबहुना तिच्यासाठी आधी.

डाळ खा म्हटलं की दोन उत्तरं हमखास येतात. एक, डाळ वातूळ असते. पोटात गुबारा धरतो हे खरं आहे, पण डाळ टाळण्यापेक्षा ती भिजवणं, मोड आणणं, हिंग-आलं घालणं आणि थोड्यापासून सुरुवात करणं हा इलाज. मूग तर आजाऱ्यालाही चालतो. दुसरं उत्तर दवाखान्यातून आलेलं असतं: युरिक ॲसिड वाढलंय, डाळ बंद. अमेरिकेत ४७ हजार पुरुषांची बारा वर्षं पाहणी झाली, तिचा निष्कर्ष २००४मध्ये आला. मटण आणि मासे जास्त खाणाऱ्यांत गाऊट, म्हणजे युरिक ॲसिडमुळं होणारा सांध्यांचा आजार, वाढला. प्युरिन असलेल्या भाज्या-कडधान्यांशी त्याचा संबंध दिसला नाही, आणि दूध-दही खाणाऱ्यांत तो कमी होता. एका रिपोर्टवरून म्हाताऱ्या माणसाची डाळ तोडण्याआधी डॉक्टरांनी आणि घरच्यांनी दोनदा विचार करावा.

माळकरी घरांत अंडी-मटणाचा प्रश्नच नाही. नारायणगड, भगवानगड, गहिनीनाथगड यांच्या परिसरात माळ घातलेली म्हातारी माणसं गावोगाव आहेत, त्यांच्या एकादशा-सोमवारांत हात घालायचं कारण नाही. फक्त साबुदाण्याऐवजी भगर आणि सोबत शेंगदाण्याची दाट आमटी, वर दूध किंवा दही, एवढं केलं तर उपवासाचा दिवस रिकामा जात नाही. जे खातात, त्यांना अंड्यासारखी सोपी वस्तू नाही: दोन अंड्यांत १२ ग्रॅम, चावायला दात लागत नाहीत. 'हाडांना ताकद' म्हणून पायाचा रस्सा देतात, तो चविष्ट असतो, पण त्यातली प्रथिनं बरीचशी जिलेटिनची, स्नायूंच्या कामाला अपुरी. रश्श्याबरोबर मऊ शिजलेलं मटणही द्यावं.

या भागात कापसाच्या जोडीला सोयाबीन अमाप पिकतं आणि पोत्यांनी बाजारात जातं. त्यात ३५ ते ४० टक्के प्रथिनं आहेत, आणि पिकवणाऱ्याच्या घरात त्याचा दाणाही शिजत नाही. कच्चं पचत नाही आणि वास येतो, ही कारणं खरी. पण भाजून ज्वारीत चौथा हिस्सा मिसळून दळलं तर धपाट्यात कळतसुद्धा नाही. हुलग्याचं माडगं, शेंगोळे, डाळ्यांचं सातूसारखं पीठ दुधात कालवून, दाट बेसन, कढी, मऊ घुगऱ्या: दात नसलेल्या माणसाचं खाणं आपल्या आज्यांना चांगलं ठाऊक होतं. त्याची जागा चहा-टोस्टनं आणि मुलानं शहरातून पाठवलेल्या पावडरीच्या डब्यानं घेतली. त्या डब्याच्या मागचा बारीक तक्ता वाचावा. कितीतरी माल्टच्या पावडरींत १०० ग्रॅमला १० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, म्हणजे ज्वारीच्या पिठाइतकी, बाकी बरीचशी साखर. फुटाण्यांत त्याच्या दुप्पट असतात.

एक इशारा मात्र सोडता येत नाही. ज्यांचं मूत्रपिंड बरंच निकामी झालं आहे पण डायलिसिस सुरू नाही, त्यांनी प्रथिनं वाढवू नयेत. डॉक्टर सांगतील तेवढीच घ्यावीत. डायलिसिसवर असणाऱ्यांची गरज उलट जास्त असते. जुना मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी आधी क्रिएटिनिन तपासून घ्यावं. ते अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयातही होतं आणि तालुक्यालाही होतं.

हे पुस्तक कुणी कधी वाचावं, याचंही माझं मत आहे: ऊसतोडीच्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, मिळते त्या आठवड्यात. उचल देण्यात, औषधात, लेकीच्या लग्नाच्या कर्जात जाते हे मला माहीत आहे. तरी गाडी भरण्याआधी घरात मागं काय ठेवायचं, याचा हिशेब असा आहे. म्हातारा-म्हातारी दोघं, हंगाम १८० दिवसांचा. माणशी रोज ६० ग्रॅम डाळ-कडधान्य धरलं तर बावीस किलो. माणशी २५ ग्रॅम शेंगदाण्यांचं कूट, म्हणजे नऊ किलो. शेजारी म्हैस असेल तिथं चहाचं सोडून अर्धा लिटर दुधाचा रतीब, दोघांना पाव-पाव लिटर. एवढ्यानं त्या ४८ किलोच्या म्हातारीचे बावीस ग्रॅम चव्वेचाळीसवर जातात, भाकर तेवढीच राहून. अंडी खाणारी असेल तर पन्नासच्या वर. नातवंडांचं यात धरलेलं नाही, ते वेगळं भरावं, नाहीतर या बावीस किलोंतलं बरंचसं आजी त्यांनाच घालणार.